फ्रँकलिनच्या घरातल्या घंटा

(तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी)

बेंजामिन फ्रँकलिन म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. एक म्हातारा पावसात पतंग उडवतोय, शेजारी छोटा मुलगा, दोरीला किल्ली लटकलेली आणि पतंगावर धाडकन वीज पडतेय. या चित्रातल्या तीन गोष्टी साफ चूक आहेत. जून १७५२ मध्ये फ्रँकलिन म्हातारा नव्हता, ४६ वर्षांचा होता. मुलगा विल्यम छोटा नव्हता, एकवीस-बावीस वर्षांचा होता, म्हणजे आपल्याच वयाचा. आणि पतंगावर वीज पडलीच नव्हती. पडली असती तर दोघंही तिथेच संपले असते आणि मला हा लेख लिहावा लागला नसता!

पण मला पतंगाबद्दल लिहायचं नाहीये. फ्रँकलिनच्या घरात जिन्यापाशी दोन घंटा होत्या, त्यांच्याबद्दल लिहायचंय. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठी कुठे अडखळलं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.)

या घंटांपर्यंत मी पोचले ती चिमूरच्या आमच्या घरामुळे. चिमूर म्हटलं की लोकांना १९४२ चा ऑगस्ट आठवतो, नाहीतर बालाजीची घोडायात्रा, नाहीतर ताडोब्याचे वाघ. मला आता आधी आमचा मीटरखालचा बोर्ड आठवतो. जुना लाकडी बोर्ड, त्यावर चिनी मातीचे फ्यूज. बाबांनी मे महिन्यात तो काढून एमसीबीचा नवा डबा बसवून घेतला. काम करणाऱ्याने दुपारी सुरुवात केली आणि दिवेलागणीला संपवलं. घरात पंखे फिरले, कूलर सुरू झाला, सगळे खूश. चौथ्या दिवशी दुपारी लाइट गेली. लाइट गेली म्हणजे करंट नाही, एवढं तर लहान पोरालाही माहीत असतं! आईने तेवढ्यात कूलरमध्ये पाणी भरून घ्यावं म्हणून बादली उचलली आणि कूलरच्या पत्र्याला हात लावला. ती मागे फेकली गेली. पायात रबरी चप्पल होती आणि हात पकडीत अडकला नव्हता म्हणून वाचली.

मी होस्टेलवर होते. फोनवर बाबा सांगत होते की बल्ब पेटत नाही, पंखा फिरत नाही, पण टेस्टर सॉकेटच्या दोन्ही भोकांत पेटतोय. ते ऐकून लॅबमधल्या सरांनी लगेच सांगितलं, मेन स्विच पाडा आणि कशालाही हात लावू नका. न्यूट्रल तुटलाय. का, ते पुढे येतंच. आधी फ्रँकलिन.

बोस्टनमध्ये १७ जानेवारी १७०६ ला त्याचा जन्म झाला. वडील जोसाया साबण आणि मेणबत्त्या बनवायचे. त्यांची एकूण १७ मुलं, त्यातला हा पंधरावा. शाळा जेमतेम दोन वर्षं, दहाव्या वर्षी ती सुटली. बाराव्या वर्षी थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारीला लागला. भाऊ आपलं लिखाण छापणार नाही हे ठाऊक असल्यामुळे सोळाव्या वर्षी एका विधवा बाईच्या टोपणनावाने पत्रं लिहून दाराखालून सरकवायचा आणि भाऊ ती कौतुकाने छापायचा. सतराव्या वर्षी तिथून पळून फिलाडेल्फियाला आला. पुढे लंडनला जाऊन छापखान्याचं काम शिकून आला. स्वतःचं वर्तमानपत्र, १७३२ पासून स्वतःचं पंचांग, वर्गणीवर चालणारं वाचनालय, आग विझवणाऱ्यांचं मंडळ... या माणसाचा बायोडाटा एका पानात बसणं अशक्य आहे. १७३० पासून डेबोरा रीडबरोबर त्याने संसार मांडला. ती दुकान सांभाळायची, हिशेब ठेवायची. १७४८ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, त्याने छापखाना भागीदाराच्या हवाली केला आणि कामातून निवृत्ती घेतली. आपल्याकडे त्या वयात लोक होमलोन फेडत असतात.

निवृत्तीचं कारण वीज. लंडनहून पीटर कॉलिन्सन या व्यापाऱ्याने एक काचेची नळी पाठवली होती. ती घासली की ठिणग्या निघायच्या. तेव्हा वीज म्हणजे दिवाणखान्यातली करमणूक होती. फ्रँकलिन मात्र विचार करत बसला की ही ठिणगी येते कुठून. त्याचं उत्तर असं होतं की वीज घासल्याने तयार होत नाही, ती फक्त एका वस्तूतून दुसरीत सरकते. जिथे जास्त झाली तिथे अधिक, जिथे कमी पडली तिथे उणे. आणि जमीन म्हणजे प्रचंड मोठा साठा, कितीही ओता, कितीही काढा, तिला फरक पडत नाही. प्लस, मायनस, चार्ज, बॅटरी हे शब्द विजेसाठी वापरायला त्यानेच सुरुवात केली. फक्त कोण अधिक आणि कोण उणे हे ठरवताना त्याचा नेम उलटा लागला. इलेक्ट्रॉन निघाले उणे बाजूचे. म्हणून आजही आपण करंट एका दिशेने काढतो आणि इलेक्ट्रॉन दुसऱ्या दिशेने पळतात. फर्स्ट इयरला ज्यांचे या कारणाने मार्क गेले असतील त्यांनी फ्रँकलिनला जरूर शिव्या द्याव्यात.

तो काही सावध माणूस नव्हता. डिसेंबर १७५० मध्ये, नाताळच्या दोन दिवस आधी, दोन मोठ्या लायडन जारच्या झटक्याने टर्की मारून दाखवायचा बेत होता. लायडन जार म्हणजे आजच्या भाषेत कपॅसिटर. बोलण्याच्या नादात एक हात जारच्या वरच्या तारेला आणि दुसरा बाहेरच्या आवरणाला जोडलेल्या साखळीला लागला. टर्की राहिली बाजूला, झटका याच्याच अंगातून गेला. हात आणि मान दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बधिर होती. ही फजिती त्याने स्वतःच पत्रात लिहून ठेवलीय.

आता पतंग. ढगातली वीज आणि काचेच्या नळीतली वीज एकच का, हा प्रश्न होता. त्याची योजना छापून आल्यावर पॅरिसजवळच्या मार्ली गावात दालिबार्डने १० मे १७५२ ला चाळीस फुटी लोखंडी दांडी उभी करून प्रयोग केलासुद्धा. दांडी जमिनीला टेकू नये म्हणून खाली दारूच्या रिकाम्या बाटल्या ठेवल्या होत्या. ढग आला, दांडीतून ठिणग्या काढल्या गेल्या. ही बातमी अटलांटिक ओलांडून पोचण्याआधीच फ्रँकलिनने पतंग उडवला होता. पतंगाची भिजलेली दोरी, तिला किल्ली, आणि हातात धरायला कोरडी रेशमी फीत. फीत कोरडी राहावी म्हणून तो छपराखाली उभा होता. ढगातल्या चार्जमुळे दोरीचे धागे ताठ झाले आणि किल्लीतून बोटावर ठिणगी आली. बस, एवढंच.

सेंट पीटर्सबर्गच्या रिखमानचं नशीब असं नव्हतं. त्याने घराच्या छपरावर दांडी लावून तार खोलीत आणली होती आणि ती मुद्दामच जमिनीपासून तोडलेली ठेवली होती, म्हणजे चार्ज मोजता येईल. ऑगस्ट १७५३ मध्ये वादळ आलं. रिखमान मोजमाप बघायला वाकला आणि दांडीतून विजेचा लोळ थेट त्याच्या कपाळावर आला. तो जागच्या जागी गेला. वीज जमिनीकडे निघाली होती, तिच्या वाटेत मध्ये जागा सोडलेली होती आणि त्या जागेत माणूस उभा होता.

आणि इथेच मला फ्रँकलिनचं नवल वाटतं. कारण त्याने स्वतःच्या घरातही अशीच जागा सोडली होती! सप्टेंबर १७५२ मध्ये त्याने धुराड्यावर लोखंडी दांडी बसवली. तिच्यापासून तार घरात आणली, जिन्यातून खाली नेली आणि पंपाच्या लोखंडी दांड्याला जोडली. पंप जमिनीत, पाण्यापर्यंत. अर्थिंग म्हणून उत्तम. पण झोपण्याच्या खोलीसमोर त्याने ती तार मध्येच तोडली. दोन टोकं सहा इंच अंतरावर, प्रत्येक टोकाला एक छोटी घंटा आणि मधे रेशमी दोऱ्याला टांगलेली पितळी गोळी. वरून चार्ज आलेला ढग गेला की गोळी या घंटेवरून त्या घंटेवर आपटत राहायची. किणकिण सुरू झाली की साहेब उठून प्रयोगाला लागायचे. या घंटांच्या जोरावर त्याने १७५३ मध्ये शोधून काढलं की ढगाचा खालचा भाग बहुतेक वेळा उणे असतो. एका रात्री मात्र नुसती किणकिण झाली नाही. आवाजाने जाग येऊन तो बाहेर आला तर दोन घंटांच्या मधून बोटाएवढा जाड पांढरा प्रवाह सलग वाहत होता आणि जिन्यात इतका उजेड पडला होता की खाली पडलेली टाचणी सापडावी.

घरात बायको होती, लहान मुलगी होती. १७५७ मध्ये फ्रँकलिन वसाहतीच्या कामासाठी लंडनला गेला आणि घंटा तशाच घरी राहिल्या. वादळाच्या रात्री त्या वाजायच्या आणि डेबोरा घाबरायची. तिने पत्रातून विचारलं असावं, कारण जून १७५८ मध्ये त्याने लंडनहून उपाय कळवला. भीती वाटत असेल तर एका घंटेपासून दुसरीपर्यंत तारेचा एक तुकडा बांधून टाक, मग वीज आवाज न करता गुपचूप खाली निघून जाईल.

सहा इंचांचा तारेचा तुकडा. आपल्या अभ्यासक्रमात याला बाँडिंग म्हणतात.

मित्रांनो, अर्थिंग आणि बाँडिंग हे दोन शब्द आपण एकाच श्वासात म्हणतो, पण ती दोन वेगळी कामं आहेत. अर्थिंग म्हणजे जमिनीशी नातं. बाँडिंग म्हणजे धातू-धातूंना एकमेकांशी असं बांधणं की दोघांमध्ये व्होल्टेजचा फरकच उरू नये. फ्रँकलिनच्या जिन्यात अर्थिंग पहिल्या दिवसापासून होतं, बाँडिंग सहा वर्षांनी पत्रातून आलं.

आता परत चिमूरच्या बोर्डाकडे. आपल्या रस्त्यावरच्या डीपीत स्टार पॉइंट असतो. न्यूट्रल तिथून निघतो आणि तिथेच तो जमिनीत गाडलेल्या इलेक्ट्रोडला जोडलेला असतो. ते जोडकाम डीपीवाल्यांचं. घरात आल्यावर न्यूट्रलची पट्टी वेगळी आणि अर्थिंगची पट्टी वेगळी. अर्थिंगच्या पट्टीला सगळ्या हिरव्या वायरी, म्हणजे कूलर, फ्रिज, गीझर यांचे पत्रे, आणि तिथून जाड वायर अंगणातल्या मीठ-कोळशाच्या खड्ड्यात. आमच्याकडे जुना बोर्ड काढताना खड्ड्याकडे जाणारी वायर तुटली. ती पुन्हा जोडायला फरशी उकरावी लागली असती. काम करणाऱ्याने सोपा मार्ग काढला. नव्या डब्यात न्यूट्रलच्या पट्टीपासून अर्थिंगच्या पट्टीपर्यंत बोटभर लांबीचा काळ्या वायरचा तुकडा टाकला. टेस्ट लॅम्प लावला तर फेज आणि अर्थिंगमध्ये झकास पेटला. काम फत्ते!

चार दिवस काहीच कळलं नाही, कारण न्यूट्रल शाबूत होता. मग तो बाहेर कुठेतरी सुटला. आता बघा काय होतं. फेज घरात येतोय. पंख्यातून, फ्रिजमधून तो न्यूट्रलच्या पट्टीवर पोचतोय. पुढे वाट नाही. करंट नाही म्हणून बल्ब पेटत नाही, सगळ्यांना वाटतं लाइट गेली. पण पट्टीवर व्होल्टेज आहे. बोटभर तुकड्यातून ते अर्थिंगच्या पट्टीवर आणि हिरव्या वायरींमधून घरातल्या प्रत्येक पत्र्यावर. म्हणून टेस्टर दोन्ही भोकांत पेटत होता. ज्या वायरीने माझ्या आईला वाचवायचं, तिनेच करंट कूलरपर्यंत आणून दिला. जमिनीकडची वाट रिकामी होती आणि त्या रिकाम्या जागेत आई बादली घेऊन उभी होती.

गंमत म्हणजे (गंमत कसली!) फ्रँकलिनच्या देशात हाच तुकडा कायद्याने बंधनकारक आहे. तिथे मेन पॅनलमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग एकत्र बांधतात. पण एकाच ठिकाणी, जिथे पुरवठा पहिल्यांदा तोडता येतो तिथे, आणि तोही खड्ड्याच्या जोडणीसकट. पुढच्या प्रत्येक छोट्या बोर्डात दोन्ही पट्ट्या अलग. कुणी पॅनल बदलताना मेन डिस्कनेक्ट घराबाहेर मीटरपाशी हलवला, तर ती लिंक बाहेर न्यावी लागते आणि आतल्या जुन्या पॅनलमधली काढावी लागते. काढायची राहिली तर न्यूट्रलचा करंट अर्थिंगच्या वायरीतून आणि पाण्याच्या पाइपांमधून परत जायला लागतो. एवढा उपद्व्याप ते का करतात, याचं उत्तर एका साध्या गणितात आहे. कूलरच्या आत फेज पत्र्याला लागला असं समजा. परत जायला धातूची वाट असेल आणि पूर्ण चक्राचा रेझिस्टन्स ०.२ ओहम असेल, तर २३० भागिले ०.२ म्हणजे ११५० अँपिअर. एमसीबी क्षणात पडतो. आता वाट फक्त मातीतून आहे असं समजा. मे महिन्यात आमचा खड्डा कोरडा, धरा २० ओहम, डीपीचा ५. २३० भागिले २५ म्हणजे ९.२ अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी ढिम्म बसून राहील आणि कूलरच्या पत्र्यावर १८४ व्होल्ट उभे राहतील. म्हणजे नुसता खड्डा असणं पुरेसं नाही. आपल्याकडे, जिथे वाट मातीतूनच आहे, तिथे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतोच. जाणारा आणि येणारा करंट यांत तेवढा फरक दिसला की तो पडतो. आणि त्याच्या पुढे कुणी न्यूट्रल-अर्थिंगची गाठ मारली तर तो सारखा पडत राहतो, मग लोक त्यालाच खराब ठरवून काढून टाकतात! विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसं जातात, त्यांतल्या कित्येक घरांत एक तर आरसीसीबी नसतो नाहीतर खड्ड्याची वायर हवेत लटकत असते.

लिहिताना मी फ्रँकलिनपासून जरा लांबच गेले, परत येते.

आपल्या दांडीची कृती त्याने १७५३ च्या पंचांगात छापून टाकली. लोखंडी सळई, एक टोक तीन-चार फूट ओल्या जमिनीत, दुसरं घराच्या वर सहा-आठ फूट. पेटंट घेतलं नाही. शेगडीचंही घेतलं नव्हतं. लोक मात्र लगेच तयार झाले नाहीत. फ्रान्समध्ये एका माणसाने घरावर दांडी लावली म्हणून शेजाऱ्यांनी कोर्टात खेचलं. त्याची बाजू १७८३ मध्ये एका तरुण वकिलाने लढवून जिंकली, त्याचं नाव रोबेस्पिअर. तोच तो, फ्रेंच राज्यक्रांतीतला!

इंग्लंडमध्ये पर्फ्लीटच्या दारूगोळ्याच्या कोठारांवर दांड्या बसवायला नेमलेल्या समितीत फ्रँकलिन होता. टोकदार दांड्या बसल्या. १५ मे १७७७ ला तिथल्या एका इमारतीच्या कोपऱ्यावर वीज पडली, काही विटा उडाल्या. कठड्याच्या दगडात एक लोखंडी पट्टी होती, ती दांडीच्या शिशाच्या जोडणीपासून काही इंच दूर होती आणि तिला बांधलेली नव्हती. पुन्हा तेच, इंचभर रिकामी जागा. पण तोवर अमेरिकेचं युद्ध पेटलं होतं आणि १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर फ्रँकलिनची सही होती. राजा तिसऱ्या जॉर्जला टोकदार दांडी म्हणजे बंडखोरी वाटली, त्याने बोथट दांड्या लावायला लावल्या. विशेष म्हणजे २००० साली अमेरिकेतल्या चार्ल्स मूर आणि सहकाऱ्यांनी डोंगरावर सात वर्षं दांड्या उभ्या करून पाहिल्या, तेव्हा वीज मध्यम बोथट दांड्यांवरच पडली. राजा चुकीच्या कारणाने थोडासा बरोबर निघाला म्हणायचा.

विजेबाहेरचं त्याचं आयुष्य तुम्ही इतिहासात वाचालच. १७७६ ते १७८५ फ्रान्समध्ये वकील, १७८३ चा पॅरिसचा तह, १७८७ ची राज्यघटना. त्याच्याकडे गुलाम होते हेही खरं, आणि म्हातारपणी गुलामी बंद करणाऱ्या संस्थेचा तो अध्यक्ष होता हेही. पण घरच्यांशी जोडणी मात्र त्याला जमली नाही असं मला वाटतं. पतंगाच्या वेळी सोबत असलेला विल्यम पुढे न्यू जर्सीचा गव्हर्नर झाला आणि युद्धात इंग्रजांच्या बाजूने राहिला. बापाने त्याला जवळजवळ काहीच ठेवलं नाही. १७६४ मध्ये फ्रँकलिन पुन्हा लंडनला गेला तो दहा वर्षं परतलाच नाही. त्या काळात फिलाडेल्फियातलं नवं घर डेबोराने एकटीने उभं राहून पूर्ण करून घेतलं, तो पत्रांतून सूचना पाठवायचा. तिला समुद्राची भीती वाटायची, म्हणून ती कधी गेली नाही. डिसेंबर १७७४ मध्ये ती वारली तेव्हा तो लंडनमध्येच होता.

मीही आईला फोनवरच सूचना देत होते, तेव्हा हे वाचताना बरं वाटलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत घरी जाऊन मी फरशी उकरताना समोर उभी राहिले. तो काळा तुकडा काढला, खड्ड्याची वायर जोडली, आरसीसीबी बसवून घेतला आणि टेस्टचं बटण आईलाच दाबायला लावलं.

फ्रँकलिनच्या त्या नव्या घरावर एकदा वीज पडली. आग लागली असेल म्हणून शेजारी धावत आले. घरातली माणसं आवाजाने घाबरली होती, बाकी कुणाला काही झालं नव्हतं. पुढे घर वाढवताना दांडी खाली उतरवावी लागली, तेव्हा म्हाताऱ्या फ्रँकलिनने तिचं टोक हातात घेऊन पाहिलं. नऊ इंचांचं, करंगळीएवढं जाड तांब्याचं टोक होतं. ते जवळजवळ सगळं वितळून गेलं होतं आणि लोखंडाला चिकटून थोडासाच तुकडा उरला होता. हे त्याने १७८७ मध्ये एका इटालियन मित्राला लिहून कळवलं. तीन वर्षांनी, १७ एप्रिल १७९० ला, तो त्याच घरात वारला.